नळीवरचा तपकिरी थर म्हणजे साधा गंज नव्हे : एक खुलासा

लंडनमध्ये बनलेल्या चकमकीच्या जुन्या पिस्तुलांच्या नळीवरील तपकिरी थर हा गंज असून तो लिंबू व राखेने घासून काढावा, असा सल्ला सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. १८व्या शतकाच्या अखेरीस मँटनसारखे कारागीर नळीची चकाकी मोडावी आणि लोखंड टिकावे म्हणून हा थर मुद्दाम चढवत. घासल्याने तो जातोच, शिवाय नळीच्या मागच्या टोकाजवळचे, मुकुटाखाली ‘जीपी’ आणि ‘व्ही’ अक्षरे असलेले मजबुतीच्या चाचणीचे ठसेही पुसट होतात, आणि ही हानी भरून येत नाही. बोटाला लागणारा लालसर, भुकटीसारखा गंज मात्र वेगळा. तो तेल लावून हळुवार काढावा. पिस्तुले ठेवायच्या मूळ पेटीतील विटलेली हिरवी बनात (अस्तराचे लोकरी कापड) बदलू नये. झाकणाच्या आतील कारागिराच्या पत्त्याचे लेबल तर मुळीच काढू नये, कारण पुष्कळदा त्यावरूनच पेटीचा काळ ठरतो.