‘नऊ हजारांचा डबा गळ्यात मारला’ या एका स्टारला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय वाचला. इतर वाचणाऱ्यांना विषय कळावा म्हणून तुमच्या तक्रारी थोडक्यात मांडतो. तुम्ही कॉम्प्युटरवर गाणी ऐकायला ४५ हजारांचा डॅक, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या आकड्यांचा आवाज करणारा डबा, मागितलात आणि आम्ही ‘गिऱ्हाईक बघून’ नऊ हजारांचा गळ्यात मारला. घरी लावल्यावर कॉम्प्युटरच्या मूळ आवाजात आणि त्याच्यात काडीचा फरक पडला नाही. उलट स्पीकरमधनं घूंऽऽ असा आवाज सुरू झाला, तो बघायला कुणी फिरकलं नाही. आणि दुसऱ्या महिन्यात भारीतला बदलून मागितला तर आम्ही जुन्याचे पूर्ण पैसे धरायला नकार दिला.

तुमचं नाव, पत्ता इथं घेत नाही. मुद्द्यांचं मात्र सविस्तर सांगतो, कारण हाच प्रश्न घेऊन सांगली-मिरजेतले बरेच लोक दुकानात येतात.

आधी तो घूं. तुमचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी आमचा मुलगा तुमच्या घरी आला होता. तुम्ही ऑफिसात होता, घरी वडील होते. त्यांनी चहाही पाजला. अँप्लिफायर शोकेसमधनं पुढं ओढून बघितला तर त्याच्या मागं लाल-पांढऱ्या वायरींच्या दोन जोड्या होत्या. एक आमच्या डॅककडून आलेली, दुसरी टीव्हीकडून. डॅक लावायला अँप बाहेर काढला त्याच दिवशी टीव्हीचा आवाजही मोठ्या स्पीकरवर घेतला, असं वडील म्हणाले. मुलानं सेटटॉप बॉक्सच्या मागची केबलवाल्याची जाड काळी वायर सोडवली, घूं बंद. परत लावली, घूं चालू. मग ती तशीच ठेवून कॉम्प्युटरमधली डॅकची यूएसबी काढली, तरी घूं बंद. हे सगळं वडिलांसमोर झालंय, त्यांना विचारा.

होतं काय, तर कॉम्प्युटरला तीन पिनी प्लग आहे, त्याचा अर्थ, म्हणजे अर्थिंग, तुमच्या भिंतीतल्या सॉकेटमधनं जातो. केबलवाल्याच्या वायरीच्या जाळीचा अर्थ बाहेर कुठंतरी, दुसऱ्याच ठिकाणी झालेला असतो. सेटटॉप बॉक्समधनं टीव्ही, टीव्हीतनं लाल-पांढरी वायर, असं करत तो अर्थ तुमच्या अँपपर्यंत येतो. दुसऱ्या बाजूनं यूएसबी आणि डॅकमधनं कॉम्प्युटरचा अर्थ येतो. दोन्हींची गाठ अँपमध्ये पडते. दोन ठिकाणच्या अर्थमध्ये थोडं व्होल्टेज असतंच. त्यानं सिग्नलच्या वायरींच्या जाळीतनं करंट फिरायला लागला की आपल्या विजेचा ५० हर्ट्झचा खर्ज स्पीकरमधनं ऐकू येतो. याला ग्राउंड लूप म्हणतात. डॅक बिघडलेला नाही. आणि ४५ हजारांचा डॅक याच वायरींवर याच जागी लावला असता तर त्यानंही हाच खर्ज लावला असता.

इलाज तुमच्या घरातच आहे. तुम्ही ज्याला डबा म्हणता त्या डॅकच्या मागं, यूएसबीच्या शेजारी, एक चौकोनी भोक आहे, त्याला छोटं झाकण आहे. ते ऑप्टिकल इनपुट. तुमच्या टीव्हीच्या मागंही तसंच ऑप्टिकल आउटपुट आहे, मुलानं बघून ठेवलंय. टीव्हीपासून अँपपर्यंतची लाल-पांढरी जोडी काढायची आणि टीव्ही ते डॅक ऑप्टिकल केबल टाकायची. ती केबल काही शे रुपयांत मिळते. तिच्यातनं नुसता उजेड जातो, तांबं नसतं, त्यामुळं केबलवाल्याचा अर्थ अँपपर्यंत पोचतच नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट तेवढं पीसीएम, म्हणजे न दाबलेला साधा डिजिटल आवाज, ठेवा, डॉल्बीवर राहिलं तर या डॅकमधनं धड आवाज येणार नाही. हे सगळं मुलानं कागदावर लिहून वडिलांकडं दिलं होतं. तो कागद तुमच्यापर्यंत पोचला नसावा.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो. तुम्ही लिहिलंय की ओळखीच्या इलेक्ट्रिशियननं कॉम्प्युटरच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकायला सांगितली. कृपा करून तसं करू नका. घूं जाईल, पण उद्या कॅबिनेटमध्ये करंट उतरला तर तो जायला वाटच राहणार नाही, हात लावणाऱ्याच्या अंगातनं जाईल. घरात लहान मुलं आहेत.

आता ‘फरक नाही’ या तक्रारीकडं येतो. तुम्ही पहिल्यांदा दुकानात आलात ते डॅक घ्यायला नव्हे. कॉम्प्युटरच्या पुढच्या जॅकमधनं अँपला वायर जोडली होती आणि माउस हलवला, एखादं पान वरखाली केलं की स्पीकरमधनं किर्रऽऽ वाजायचं, ही तुमची तक्रार होती. पुढच्या जॅकची वायर कॅबिनेटच्या आतनं, प्रोसेसर आणि ग्राफिक कार्डाच्या शेजारून जाते, तिथली खरखर ती उचलते. यावर सरळ उपाय म्हणजे आकड्यांचा आवाज करायचं काम कॅबिनेटच्या बाहेर काढणं. बाहेरचा यूएसबी डॅक म्हणजे तेवढंच. अभिप्रायात त्या किर्रचा उल्लेख कुठंच नाही, त्यावरनं ती गेली असं आम्ही धरून चालतो.

त्यापलीकडं फार मोठा फरक पडणार नाही, हे काउंटरवरच बोललो होतो. आजच्या बऱ्या मदरबोर्डवरची साउंड चिपसुद्धा वाईट नसते. आणि तुम्ही नेमकं ऐकता काय, हेही बघायला पाहिजे. दुकानात तुम्ही यूट्यूबवरनं किराणा घराण्याचे, मिरजेत राहिलेले गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांची रेकॉर्ड लावायला सांगितली होती. मिरजेच्या माणसाला तो आवाज ऐकून भरून येतं, आम्हालाही येतं. पण खाँसाहेब गेले १९३७ साली. त्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं. वरचे सूर त्या काळच्या यंत्रात पुरते उतरलेच नाहीत, त्यावर घासल्याची खरखर, त्यावर यूट्यूबचं दाबून लहान केलेलं ध्वनिमुद्रण. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

फरक बघायचाच तर नव्या, चांगल्या ध्वनिमुद्रणावर बघा, आणि आधी विंडोजची सेटिंगं नीट करा. साउंडमध्ये जाऊन डॅकचा डिफॉल्ट फॉरमॅट बघा. तिथं ४८ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने, असेल आणि गाणं सीडीवरनं उतरवलेलं, म्हणजे ४४.१ चं असेल, तर विंडोज मधल्या मध्ये त्याचं रूपांतर करतं. त्यानं कान फाटत नाहीत, पण विनाकारण कशाला? फूबारसारख्या प्लेयरमध्ये वासापी एक्सक्लुझिव्ह मोड निवडला की विंडोजचा मिक्सर बाजूला राहतो आणि फाइल जशीच्या तशी डॅकला पोचते. विंडोजचा आवाज १०० वर ठेवा, कमी-जास्त अँपवर करा.

आता ४५ हजारांच्या डॅकचं. ‘गिऱ्हाईक बघून माल दाखवला’ हे वाक्य लागलं, खोटं कशाला सांगू. दुकानदाराला नऊ हजारांच्या मालात जास्त सुटतं की ४५ हजारांच्या, हा हिशोब पाचवीतलं पोरही करेल. तुम्ही पैसे मोजायला तयार होता, आम्हीच नको म्हणालो. का म्हणालो ते परत सांगतो.

त्या भारी डॅकमध्ये जास्तीचे पैसे कशाचे आहेत? जाड अॅल्युमिनियमची बॉडी, पुढं स्क्रीन, रिमोट, हेडफोनसाठी ताकदवान अँप आणि मागं बॅलन्स्ड, म्हणजे एक्सएलआर आउटपुट. तुमच्या अँपला एक्सएलआर इनपुट नाही. हेडफोन तुम्ही वापरत नाही. उद्या ३०० ओहमचा सेनहायझर घेतलात तर खुशाल या, त्याला व्होल्टेज जास्त लागतं, मग आम्ही स्वतः वरचं मॉडेल दाखवू.

राहिला ७६८ किलोहर्ट्झचा आकडा, ज्यावर तुमचा सगळा भर होता. माणसाचा कान चांगला असला तरी साधारण २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो, आणि वय वाढेल तसा तो आकडा खाली येतो. सीडीचा ४४.१ किलोहर्ट्झ हा दर २२ हजार हर्ट्झपर्यंतचे सूर टिपतो. तिचे १६ बिट म्हणजे मोठ्या आणि बारीक आवाजात साधारण ९६ डेसिबलचं अंतर. पंखा चालू असलेल्या आणि खिडकीखालनं वडाप जाणाऱ्या हॉलमध्ये तेवढं अंतर वापरायला जागाच नाही. तुमच्या नऊ हजारवाल्याला २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झ आहे. तुमच्या संग्रहात त्याच्या वरची एकही फाइल नव्हती, पेन ड्राइव्ह आपण दोघांनी मिळून बघितला होता.

चिपच्या नावाचंही तेच. ईएसएस आणि एकेएम या डॅकच्या चिप बनवणाऱ्या दोन कंपन्या. ‘ईएसएस नको, एकेएमच पाहिजे’ म्हणत लोक येतात. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या नोबेओकाला एकेएमच्या कारखान्याला आग लागली आणि चिपचा तुटवडा झाला. तेव्हा बऱ्याच डॅक कंपन्यांनी त्याच डब्यात ईएसएसची चिप बसवून पुढची आवृत्ती काढली. चिपपेक्षा तिच्या भोवतीचा वीजपुरवठा आणि आउटपुटचं सर्किट कसं केलंय, याला महत्त्व जास्त आहे.

आणि सर, आपण दुकानात दोन्ही डॅक लावून ऐकले होते. दोन्हींचा आवाज स्पीकरच्या टोकाला मल्टिमीटर लावून सारखा करून घेतला होता, कारण किंचित मोठं वाजणारं प्रत्येकाला चांगलंच वाटतं. डब्यांवर टॉवेल टाकला आणि मिरजेत बनलेल्या तानपुऱ्याचं आम्ही स्वतः केलेलं ध्वनिमुद्रण लावलं. जवारीवर, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीवर, तारेचा झंकार उघडतो, त्यातले वरचे सूर एकेक करून कानावर येतात, त्याच्याइतकी कडक परीक्षा आम्हाला दुसरी माहीत नाही. यातला महाग कुठला, हे तुम्ही बोटानं दाखवलंत. निकाल इथं लिहीत नाही, तो तुम्हाला आठवत असेल. नंतर तेच ध्वनिमुद्रण दुसऱ्या स्पीकरवर लावलं तेव्हा तुम्हीच म्हणालात, ‘हा, हे वेगळं आहे.’ म्हणून तर उरलेले पैसे स्पीकरमध्ये घाला म्हटलं होतं.

तेही आज घाला असं म्हणत नाही. आहेत ते चार इंची स्पीकर आधी शोकेसमधनं बाहेर काढा. काचेच्या कप्प्यात, मागं भिंतीला टेकवून ठेवले की खालचे सूर नुसते घुमतात आणि गायकाचा आवाज मडक्यातनं आल्यासारखा होतो. कुपवाड एमआयडीसीत कुठलाही फॅब्रिकेशनवाला लोखंडी स्टँडची जोडी करून देईल. बसल्यावर कान येतो तेवढी उंची द्या, भिंतीपासून फूट-दीड फूट पुढं ठेवा. यात आम्हाला एक रुपया मिळणार नाही.

परत घेण्याचा विषय: बिलाच्या मागं सात दिवस छापलेत, आणि बिल देताना ते मोठ्यानं वाचूनही दाखवतो. दुसऱ्या महिन्यात चालू स्थितीतला माल पूर्ण किमतीत घेतला तर तो पुढच्या माणसाला नवा म्हणून विकावा लागेल, आणि ते आम्ही करत नाही. वापरलेला म्हणून जी किंमत होते ती सांगितली होती, ती आजही कायम आहे.

तरीपण एक करतो. येत्या रविवारी सकाळी मुलगा ऑप्टिकल केबल घेऊन येईल, तेव्हा तुम्ही स्वतः घरी थांबा. टीव्हीची लाल-पांढरी जोडी काढून ऑप्टिकल लावल्यावरही घूं राहिला, तर डॅक जागेवरच परत घेऊन पूर्ण पैसे देतो, सात दिवसांची अट सोडून. घूं गेला तर केबलचे पैसे तेवढे द्या. त्याआधी मागच्या वायरी कुणी हलवू नका आणि सेटटॉप बॉक्स चालूच ठेवा, आवाज आहे त्या अवस्थेतच ऐकायचा आहे.