ताक ओतू नये

आमच्या चाळीच्या जिन्याखाली एक फळा आहे. परवापासून त्यावर खडूने लिहिलंय : ‘भाडेकरूंनी मोरीत ताक ओतू नये.’ नाव नाही. गिरगावातल्या चाळीत नाव लिहावं लागत नाही. दूधवालासुद्धा माझ्याकडे बघून हसला.

ते ताक नव्हतं, बायोडिझेल, म्हणजे खाद्यतेलापासून केलेलं डिझेल, धुतलेलं पाणी होतं. पण हा खुलासा केला तर कमिटी माझं बिऱ्हाडच रस्त्यावर काढेल, म्हणून ताकावर गप्प बसलोय.

उद्योग मेव्हण्याचा. कर्जतच्या शेडमध्ये त्याने वडापावच्या गाडीवरचं जळकं तेल आणून त्यात लिटरला 200 मिली मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा घातला. खाली बसलेलं ग्लिसरीन काढून टाकलं. वर राहिलं ते बायोडिझेल. पण त्यात साबण, सोडा आणि उरलंसुरलं मिथेनॉल असतं, म्हणून जीपच्या टाकीत जाण्याआधी ते पाण्याने धुवायचं. कर्जतच्या बोअरचं पाणी जड, त्यात साबणाचा चोथा होतो. आपलं तानसा-भातसाचं पाणी मऊ. एवढ्या एका गुणावर वीस लिटर तेल माझ्या गॅलरीत आलं.

पहिलं पाणी वरून भुरभुर पावसासारखं सोडायचं आणि अजिबात ढवळायचं नाही, हा नियम मला पाठ होता. पण सातला पाणी जातं. मी ड्रिल मशीनला रवी लावली. दोन मिनिटांत सगळं पिंप पांढरंशुभ्र! जितकं जळकं तेल तितका सोडा जास्त, आणि सोडा जास्त तितका साबण जास्त. मेव्हण्याने सोडा अंदाजपंचे घातलेला. त्याच्या अंदाजाचा साबण झाला आणि त्या साबणाने तेल आणि पाणी यांची अशी गाठ मारली की सुटेना. तळाशी थोडं पाणी सुटलं होतं, ते मोरीत सोडलं.

दहा मिनिटांत तळमजल्यावरच्या आजी वर. हातात स्टीलची वाटी, वाटीत फेस.

“हे तुझं का रे?”

“कुठे मिळालं, आजी?”

“माझ्या मोरीतून वर आलं. आत्ताच देवाची भांडी घासून ठेवली होती.” त्यांनी वाटी हुंगली. “बटाटेवडा केलास?”

मग त्यांना पिंप दिसलं. माझी बोलती बंद झाली. आजींनी पदर खोचला, माझं स्टूल ओढलं आणि समोर बसल्या.

“लोणी येत नाहीये ना? गार पाणी घाल.”

“आजी, याला गरम पाणी लागतं. चिमूटभर मीठही. मग हळूहळू फाटतं.”

“गरम? गरम पाण्यात लोणी विरघळतं. एवढंही शिकवलं नाही तुला कोणी?”

“हे लोणी नाही. तेल धुतोय.”

“तेल?” आजी बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. “अरे, तेलाचा डाग पाण्याने धुतात. तेल कशाला धुशील?”

याला मला आजही उत्तर सुचलेलं नाही. 1900 साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेलसाहेबांचं इंजिन शेंगदाणा तेलावर चाललं होतं, तेही न धुतलेल्या. आत्ताच्या इंजिनांना ते दाट पडतं म्हणून हा सगळा खटाटोप. हे मी आजींना सांगितलंसुद्धा. “शेंगदाण्याचं महाग पडेल,” त्या म्हणाल्या आणि नातवाला हाक मारून फ्रीजमधला बर्फाचा ट्रे मागवला. स्वतःच्या हाताने बर्फ पिंपात सोडला. मग माहेरच्या म्हशी, म्हशींची नावं, कोणती म्हैस लाथ मारायची, कोणत्या वहिनीच्या हाताला लोणी यायचं नाही. एक तास. पिंपातलं पांढरं जसंच्या तसं, फक्त आता गार.

मला राग आजींचा नाही. राग त्या फळ्याचा. समोरच्या खोलीतले गृहस्थ दर रविवारी पाइप लावून स्कूटर धुतात, अख्खं अंगण वाहतं, त्यावर कधी खडू झिजला नाही. मी पाणी घातलं सात लिटर. अजून तीन वेळा धुवायचं बाकी होतं, हे कबूल. शेवटचं पाणी नितळ निघेपर्यंत सुटका नसते. त्यानंतर वाळवायचं. बरणीमागे वर्तमानपत्र धरलं की अक्षरं वाचता आली पाहिजेत, तेव्हा ते वाळलं. जुलैत आमच्याकडे टॉवेल वाळत नाही.

मेव्हण्याला फोन केला. तो म्हणाला, “ढवळलंस कशाला?” आणि ठेवून दिला.

पिंप अजून गॅलरीत आहे. काल संध्याकाळी आजी पुन्हा वर आल्या. वाटी तीच, आत घरचं लोणी, वर साखर.

“बघ, लोणी असं दिसतं. फळ्यावर तुझं नाव मी लिहू दिलं नाही हो.”

मी मुकाट्याने वाटी घेतली. जिन्यावरून त्यांनी मागे वळून सांगितलं, “वाटी धुऊन दे. आणि गरम पाण्याने धू. गार पाण्याने ओशट राहते.”