एवढासा तर कंदील!

काल रंगीत तालमीत मला 'भित्रा' ही पदवी मिळाली. गुन्हा इतकाच, की दुसऱ्या अंकात वरून उतरणारा ८०० ग्रॅमचा पत्र्याचा कंदील मी एका तारेऐवजी दोन तारांवर टांगला. पदवी देणारे निर्मात्यांचे मेहुणे. नाटकात त्यांचं काम काय, हे निर्मात्यांनाही सांगता येणार नाही.

"एवढासा तर कंदील! मासे पकडायचा नायलॉनचा तंगूस लावा, दिसतसुद्धा नाही."

"काका, तो डोक्याच्या चार मीटर वरून सुटला, तर ताशी ३२ किलोमीटर वेगाने टाळक्यात बसेल."

"नट बाजूला होईल की."

"त्याचं वाक्य चालू असतं."

"मग वाक्य तोडा!" म्हणत त्यांनी खुर्ची ओढली आणि नेमके कंदिलाखाली बसले. "माझा मित्र तंगुसावर पाच किलोचा मासा काढतो."

"मासा तुटून पडला तर पाण्यात पडतो, काका."

"तुम्ही फार नकारात्मक बोलता."

नकारात्मक! तंगुसाच्या रिळावर '२० किलो' लिहिलेलं असतं, ते तुटण्याचं वजन, टांगण्याचं नव्हे. माणसांच्या डोक्यावर टांगायचं तर त्याचा दहावा भाग धरायचा, म्हणजे २ किलो. वाईट गाठ मारली की निम्मी ताकद गेली, उरला १ किलो. त्यातून नायलॉन ताणला जाऊन लांबतो: संध्याकाळी नेमका डोळ्यांसमोर लावलेला कंदील सकाळी हनुवटीशी आलेला असतो. पत्र्याच्या भोकाची धार त्याला कापते, आणि अदृश्य म्हणावा तर लाइट पडताच चमकतो.

म्हणून दीड मिलिमीटरची पोलादी वायर रोप, म्हणजे बारीक तारा पिळून केलेली तार. ती तुटायलाच शंभरावर किलो लागतात. दोन तारा दोन बाजूंना बांधल्या की कंदील गिरक्या घेत नाही, आणि एक गेली तरी दुसरी धरते. मात्र दुसरी ढिली नको. अर्धा मीटर पडून दोन सेंटिमीटरांत थांबलेला हाच कंदील तारेला सरासरी २१ किलोचा हिसका देतो. कंदिलाची कडी नुसत्या दुमडलेल्या पत्र्यात अडकवलेली असते, तेव्हा तारा तळाच्या पट्टीतून आरपार घ्यायच्या. तारेचं टोक दुमडून केलेल्या फासाला क्लॅम्प दोन: क्लॅम्पचा यू-बोल्ट मेलेल्या, म्हणजे भार नसलेल्या टोकावर, त्याची बैठक भार घेणाऱ्या तारेवर. उलटं लावलं तर यू-बोल्ट भाराच्या तारेलाच चेमटवतो, आणि बाहेरून सगळं मजबूत दिसतं. तार ज्या कप्पीवरून जाते ती टांगायला वरच्या लाकडात पेचाचा आकडा नको, तो फिरत फिरत निघतो. आरपार बोल्ट आणि मोठा वॉशर हवा. कप्पीपलीकडे ८ मिलिमीटरचा दोर जोडायचा, कारण बारीक तार ओढताना तळवा चिरते. दोन्ही दोर एकदम ओढायचे, पण विंगेत बांधायचे वेगवेगळ्या खुंट्यांवर, आठाच्या आकड्याचे वेढे देऊन. उतरण्याची खूण म्हणून दोरावर रंगीत टेप.

या टेपेचाही एक इतिहास आहे. कुणीतरी ती नेहमी काढून चपलेला लावतं. पण ते असो.

काका ऐकत होते. मग वर बघून म्हणाले, "पण तार दिसते."

दिसते! कारण तारेला मॅट काळा रंग मारायचा होता आणि मागे काळा पडदा हवा होता. पडद्याला बजेट नाही, रंगाला नाही, क्लॅम्प मी स्वतःच्या पैशाने आणले. फोटोशूटला मात्र आहे, आणि त्या फोटोतून माझ्या तारा अगदी कसोशीने पुसल्या आहेत.

शेवटी दिग्दर्शकांनी तोडगा काढला: कंदिलावरचा लाइटच बंद केला. आता तार दिसत नाही. कंदीलही दिसत नाही. दोन कप्प्या, दोन खुंट्या, चार क्लॅम्प आणि एक माणूस मिळून दर प्रयोगाला प्रेक्षकांच्या नकळत काळोख खाली उतरवणार.

काका खूश आहेत. जाहिरातीत नेपथ्याच्या ओळीत माझं नाव 'आणि इतर'मध्ये गेलंय. त्याच्या खालच्या ओळीत, ठळक टाइपात, काका. तांत्रिक सल्लागार.