'उरतं काय?' असं विचारणाऱ्या दादांना

दादा, तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायला बसले होते, पण ते रागाने लिहिलं गेलं असतं म्हणून थांबले. सकाळी परत वाचली तेव्हा लक्षात आलं की तुमचं निम्मं म्हणणं बरोबर आहे, आणि उरलेल्या निम्म्यात तुमचं स्वतःचंच नुकसान दडलेलं आहे.

बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. मी मागच्या लेखात लिहिलं होतं की पगार कितीही असो, झाल्या झाल्या दहा टक्के बाजूला काढा. त्यावर तुम्ही लिहिलंत: वय ३६, चाकणला कंत्राटी काम, हातात साडेएकोणीस हजार. भोसरीत खोलीचं भाडं साडेसात हजार, मुलीची शाळा, गाडीचा हप्ता, गावी आईला दोन हजार. 'उरतं काय, ताई? तुमचं गणित ऑफिसात बसणाऱ्यांचं आहे. पाचशे रुपये टाकून म्हातारपण निघतं का? आम्ही पीएफ मोडतो तेव्हा अडीअडचण निघते. नऊ वर्षांत चार कंपन्या झाल्या. पहिल्या दोघींचा मिळून ६२ हजार काढला, तिसरीचा चाळीसेक हजार अडकलाय तो अडकलाच. आमच्या नशिबात एवढंच.'

आधी चूक कबूल करते. दहा टक्के हा आकडा मी सरसकट लिहायला नको होता. साडेएकोणीस हजारांतून भाडं गेल्यावर बारा हजार राहतात. त्यात तीन माणसं जेवतात, एक मूल शिकतं आणि एक आई गावाकडून फोनची वाट बघते. तिथून दोन हजार काढा म्हणणं म्हणजे भाजी कमी करा म्हणण्यासारखं आहे. तुमचा हा राग मला मान्य आहे.

पण 'ऑफिसात बसणाऱ्यांचं गणित' हे मात्र नाही. मी ऑफिसात बसते खरी, पण भोसरी एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्यांची पगारपत्रकं करायला. चौदा वर्षं तेच करते आहे. तुमच्यासारख्या शेकडो जणांच्या पगारातून पीएफ कापल्याची नोंद मी केली आहे. आणि नोकरी सुटल्यावर तो काढायला आलेल्यांचे फॉर्म १९ आणि फॉर्म १०सी याच हातांनी भरून दिले आहेत. त्यातला दुसरा फॉर्म म्हणजे काय, हे तेव्हा मी कुणालाच समजावून सांगितलं नाही. लोक घाईत असत, मीही घाईत असे. तेच आज सांगायचं आहे.

माझे वडील टर्नर होते. १९८१ पासून २०१२ पर्यंत तीन वर्कशॉप झाली. दोनदा नोकरी सुटली आणि दोन्ही वेळा पीएफ काढला. एकदा आत्याचं लग्न होतं, एकदा घराचा स्लॅब. निवृत्त झाले तेव्हा त्यांनी मला पलंगाखालच्या ट्रंकेतून एक प्लॅस्टिकची पिशवी काढून दिली. पिवळी पडलेली दुधाची पिशवी, तिला सुतळी बांधलेली. आत पगाराच्या चिठ्ठ्या आणि दिनदर्शिकेच्या फाडलेल्या पानामागे बॉलपेनने लिहिलेले तीन पीएफ नंबर. त्यातले दोन आडवी रेघ मारून खोडलेले. ते म्हणाले, 'हे बघ, पेन्शन किती बसते.'

बसली नाही. पीएफच्या पेन्शनला किमान दहा वर्षांची सेवा लागते. शेवटच्या ठिकाणी त्यांची नऊ वर्षं दोन महिने भरली होती. वरचा तुकडा सहा महिन्यांचा असता तर पूर्ण वर्ष धरलं असतं, त्यांचा तुकडा दोनच महिन्यांचा होता. आणि आधीच्या दोन नोकऱ्यांची वर्षं? खोडलेल्या दोन नंबरांबरोबर तीही गेली होती. पीएफ काढताना त्यांनी पेन्शनचेही पैसे काढून घेतले होते, काही हजार रुपये. आज तो दुसरा फॉर्म, १०सी, भरून पैसे काढले की नेमकं हेच होतं. त्या काही हजारांत ती सगळी वर्षं संपली. एकतीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस त्या दिवशी काही बोलला नाही. पिशवीला परत सुतळी बांधली आणि ट्रंकेत ठेवून दिली.

म्हणून दादा, तुम्ही 'पीएफ मोडतो तेव्हा अडीअडचण निघते' असं लिहिलंत तेव्हा मला ती पिशवी दिसली.

आता तुमच्या पगाराचं बघू. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० धरते. तुमचे १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये कापले जातात, ते तुम्हाला दिसतात. मालकाचेही १२ टक्के पडतात, पण त्यांचे दोन भाग होतात. ८.३३ टक्के, म्हणजे १,२५० रुपये पेन्शन योजनेत जातात आणि उरलेले ५५० तुमच्या पीएफमध्ये. म्हणजे दरमहा २,३५० रुपये तुमच्या नावावर साठताहेत, शिवाय पेन्शनचे १,२५० वेगळे. मी तुम्हाला दोन हजार बाजूला काढायला सांगत होते आणि तुमचे त्याहून जास्त आधीच बाजूला निघत होते! तुमची अडचण बचत न होण्याची नाही. झालेली बचत दर दोन-तीन वर्षांनी विस्कटते, ही आहे.

आजपासून तुमच्या अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत २२ वर्षं आहेत. पगार एक रुपयाही वाढला नाही असं धरू. सध्या पीएफवर ८.२५ टक्के व्याज मिळतं, पण ते दरवर्षी ठरतं, म्हणून मी साडेसातच धरते. तुमचे आणि मालकाचे मिळून ६ लाख २० हजार भरले जातील आणि हातात पंधरा लाखांच्या आसपास येतील. साठीनंतर ते पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले, तर आजच्या ८.२ टक्के दराने महिन्याला १०,२५० रुपये पडतात. व्याज दर तीन महिन्यांनी मिळतं आणि मुद्दल शाबूत राहतं.

२२ वर्षांनंतरचे दहा हजार म्हणजे आजचे दहा हजार नव्हेत, हे तुमचं बरोबर आहे. महागाई वर्षाला पाच टक्के धरली तर रुपयाची किंमत जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर येईल. पीएफची पेन्शन महागाईप्रमाणे वाढतही नाही. म्हणून यात ऐषआराम आहे असं मी म्हणणार नाही. दोघांचा किराणा, सिलिंडर आणि बीपीच्या गोळ्या एवढं निघेल. पण गोळ्या संपल्या हे मुलीला सांगताना आवंढा गिळावा लागतो की नाही, हे त्या एवढ्यावर ठरतं. मी माझ्या वडिलांना दर महिन्याला पैसे देते. आनंदाने देते. तरी पैसे घेताना ते माझ्याकडे बघत नाहीत. पोरं आपल्याला बघतील असं तुम्हीही लिहिलंत, आणि तुमची मुलगी नक्की बघेल. हा प्रश्न तिच्या मायेचा नाहीच.

मग पाचशे रुपयांचं काय? माझ्या मते पहिली पाच वर्षं ते म्हातारपणासाठी टाकूच नका. पोस्टात आरडी उघडा. महिन्याला ५०० भरले तर सध्याच्या ६.७ टक्क्यांनी पाच वर्षांत साधारण ३५,६८० होतात. तुम्ही पीएफ कधी मोडलात ते आठवा. एक कंत्राट संपून दुसरं मिळेपर्यंतच्या दोन-अडीच महिन्यांत. त्या दोन महिन्यांचं भाडं आणि किराणा हाताशी असता तर मोडला असतात का? हे पाचशे म्हणजे पीएफला घातलेलं कुंपण आहे. वहिनी भिशीत असतील तर भिशीचा नंबर लागल्यावर येणारी रक्कमही यातच घाला, फक्त भिशी ओळखीच्या बायकांची आणि लहान असू द्या.

तरीही वेळ आलीच, आजारपण निघालं किंवा फी थकली, तर पूर्ण पीएफ काढून खातं बंद करू नका. फॉर्म ३१ भरून ॲडव्हान्स काढा. त्याने खातं जिवंत राहतं आणि पेन्शनच्या वर्षांना हात लागत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या विश्वस्त मंडळाने ठरवलं की नोकरी सुटल्यावर पूर्ण रक्कम काढायला दोनऐवजी बारा महिने थांबावं लागेल आणि पेन्शनची रक्कम काढायला छत्तीस. आमच्या कारखान्यांमध्ये त्यावर बरीच आरडाओरड झाली, 'आमचेच पैसे आणि आम्हालाच अडवता?' म्हणून. बेकारीत बसलेल्या माणसाला बारा महिने हा फार मोठा काळ आहे, ती तक्रार खोटी नाही. पण छत्तीस महिन्यांबद्दल मात्र मला बरं वाटलं. वडिलांना कुणी असं अडवलं असतं तर?

वहिनी पोळ्यांची कामं करतात असं तुम्ही ओझरतं लिहिलं आहे. त्यांना पीएफ नाही. त्यांचं वय चाळिशीच्या आत असेल आणि त्या आयकर भरत नसतील, तर बँकेत जाऊन अटल पेन्शन योजनेचं विचारा. पस्तिसाव्या वर्षी सुरू केलं तर महिन्याला १८१ रुपयांत साठीनंतर हजार रुपये पेन्शन, ९०२ रुपयांत पाच हजार. जेवढं झेपेल तेवढंच घ्या, मध्येच हप्ते थकवू नका. त्यांच्या माघारी तीच पेन्शन तुम्हाला मिळेल.

आता तुमच्या त्या अडकलेल्या चाळीस हजारांकडे येते. दादा, ते अडकले हे फार बरं झालं.

तिसऱ्या कंपनीत तुम्ही तीन वर्षं आठ महिने होतात असं लिहिलंत. ते पैसे निघाले नाहीत म्हणजे ती वर्षंही गेली नाहीत. आताच्या ठिकाणची दोन वर्षं चार महिने त्यात मिळवली की बरोबर सहा वर्षं होतात. तुमची पेन्शनची पाटी कोरी नाही. त्यापुढे २२ वर्षं काम झालं तर २८. सेवा वीस वर्षांच्या वर गेली की पेन्शनचा हिशोब करताना दोन वर्षं वाढवून धरतात, म्हणजे ३०. पंधरा हजार गुणिले तीस भागिले सत्तर, महिन्याला ६,४२८ रुपये. हे वर सांगितलेल्या व्याजाच्या पैशांव्यतिरिक्त. आणि तीन वर्षं खातं पडून राहिलं की व्याज बंद होतं असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर तसं नाही. अठ्ठावन्नपर्यंत व्याज चालू राहतं.

ते अडकण्याचं कारण बहुतेक साधं असेल. कंपनी सोडल्याची तारीखच भरलेली नसते, माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या चौघांचं तेच निघतं. शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने उलटले असतील तर ती तारीख यूएएनने (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर) लॉगिन करून तुम्हाला स्वतःला टाकता येते. आधारवरचं नाव आणि पीएफमधलं नाव अक्षर न अक्षर जुळतं का ते बघा. मग पैसे काढायचा क्लेम टाकू नका, आताच्या खात्यात ट्रान्सफर टाका, फॉर्म १३. दोन खात्यांना दोन वेगळे यूएएन पडले असतील तर आधी ते जोडून घ्यावे लागतील. पासबुकात एखाद्या महिन्याचा भरणाच दिसला नाही, तर ठेकेदाराने हात वर केले तरी मूळ कंपनीला ते चुकत नाही, पगाराची चिठ्ठी घेऊन तक्रार करा. दर महिन्याच्या २७ तारखेला पीएफवाल्यांचं 'निधी आपके निकट' शिबिर असतं, तिथे समोरासमोर विचारता येतं.

आणि चाकणचं हे कंत्राट संपेल तेव्हा तुमच्यासमोर कुणीतरी दोन फॉर्म ठेवेल. बहुतेक माझ्यासारखीच कुणीतरी असेल, घाईत असेल. १०सी वर सही करू नका. तिला सांगा, ट्रान्सफर करायचंय.