नाव ठेवता येईना, संगणक वाकडा

नवा पीसी आला की त्याला नाव द्यायच्या भानगडीत मुळीच पडू नका. विंडोजने जन्मतःच 'डेस्कटॉप', मग एक रेघ आणि पुढे सात अगम्य अक्षरं असं गोजिरं नाव दिलेलं असतं. ऑफिसात असे वीस झाले की फोनवर सांगायला किती सोपं!

हौसच असेल तर किल्ले घ्या. मग 'सिंहगड'ची डिस्क जशीच्या तशी दुसऱ्या मशीनवर उतरवा. दोन सिंहगड. तानाजी गोंधळला तर तो त्याचा प्रश्न.

नाव बदललं की रीस्टार्ट करू नका. लागेल सवडीने.

लिनक्सच्या सर्व्हरचं नाव बदलताना होस्ट्स फाइलमध्ये, म्हणजे मशीनच्या नाव-पत्त्यांच्या वहीत, जुनंच राहू द्या. दर सुडोला, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने दिलेल्या दर हुकमाला, 'होस्ट सापडत नाही' म्हणून कुरकुरेल, सासूबाई समजा.

ऑफिसच्या नेटवर्कच्या नावाला, म्हणजे डोमेनला, बिनधास्त 'डॉट लोकल' लावा. ते २०१३ पासून एमडीएनएससाठी (नावांचा सर्व्हर नसताना मशीनं एकमेकांना शोधतात ती पद्धत) राखीव आहे, पण राखीव जागेवर रुमाल टाकणं आपल्याला नवीन आहे का?

आणि नाव लांबलचक ठेवा. 'अकाउंट्स-डिपार्टमेंट-१', 'अकाउंट्स-डिपार्टमेंट-२'. नेटबायॉसला, म्हणजे विंडोजच्या नावं ओळखायच्या जुन्या पद्धतीला, इंग्रजी पंधराच अक्षरं कळतात, त्यामुळे दोन्ही कापून 'अकाउंट्स-डिपार्ट' होतात. गेल्या शनिवारी भोसरीच्या एका कारखान्यात हेच झालं. पगाराचं फोल्डर उघडेना. फोनवर विचारलं, "मशीनचं नाव काय?" "सर, काळा आहे." "काळा नाही हो, नाव! कमांड प्रॉम्प्ट उघडा, होस्टनेम टाइप करा." "ती काळी खिडकी उघडायची नाही, साहेब म्हणालेत." मग कोथरूडहून भोसरी, नाशिक फाट्याला पाऊण तास, आणि पोचल्यावर काम किती? चार मिनिटं! साहेब वर विचारतात, "एवढ्याचे पैसे?"

अहो, मार्चमध्ये मीच कागद लिहून दिला होता ना? एसीसी-०१, एसीसी-०२. पंधराच्या आत. अक्षरं, आकडे, मधे रेघ, बस्स. अंडरस्कोर नको, स्पेस नको. कुठंय तो कागद? चहाच्या ट्रेखाली! होस्टनेम बघायला दहा सेकंद लागतात. बघा, स्केचपेनने लिहा, डब्यावर चिकटवा. सोमवारी येतोय. चिठ्ठी नसलेल्या मशीनला मी हात लावणार नाही.