पहिलंच पुस्तक ओपेनहाइम?

डीएसपी, म्हणजे डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग (आवाजासारखे सिग्नल आकड्यांत घेऊन त्यांवर गणित करणं), याच्या पुस्तकांवरच्या लेखात म्हटलंय, "डीएसपी शिकायचंय तर पहिलं पुस्तक ओपेनहाइम-शाफरचंच घ्या", हे काय पटलं नाही बघा. पुस्तक भारीच आहे, वाद नाही, पण गणित कच्चं असलेलं पोरगं झेड ट्रान्सफॉर्म या त्यातल्या अवघड गणितालाच गार पडतंय, सांगलीत विश्रामबागला माझ्याकडं ट्यूशनला येणारी पोरं बघतोय की मी. त्यांना आधी स्टीव्हन स्मिथचं डीएसपीचं पुस्तक देतो, लेखकानंच नेटवर फुकट ठेवलंय, कॉन्व्होल्यूशन (फिल्टरमधनं गेल्यावर सिग्नलचं काय होतं त्याचं गणित), डीएफटी (सिग्नलमध्ये कुठल्या फ्रिक्वेन्सी आहेत ते काढणं) सगळं साध्या बेरीज-गुणाकारानं, कॉम्प्लेक्स नंबर पार ३०व्या चॅप्टरला येतात.

आणि लेखात ऑक्टेव्हचं, म्हणजे गणिताच्या फुकट सॉफ्टवेअरचं, नावच नाही? त्यात सेकंदाला ८००० सॅम्पल (सिग्नलची मोजमापं) घेऊन ५ किलोहर्ट्झचा टोन बनवा, फिल्टर न लावता, स्पीकरमधनं ३ किलोहर्ट्झच ऐकू येतंय, मग अलायझिंग (सॅम्पल कमी पडले की वरची फ्रिक्वेन्सी खोटी खालची होऊन येणं) शिकवायला वेगळा तास लागत नाही. लोकल पब्लिकेशनची गाईडं परीक्षेच्या आदल्या रात्री चालतात, तेवढीच.