‘आवाजात दम नाही, नवं मॉडेल मळवून दिलं’ या रिव्ह्यूला वर्कशॉपचं उत्तर

नमस्कार सर,

दोन स्टार दिलेत, सोबत मजकूरही सविस्तर लिहिलात. तुमच्या डब्ल्यूडीएम-२ या जुन्या डिझेल रेल्वे इंजिनाच्या (लोकोच्या) छोट्या मॉडेलवर साउंड आणि डिटेलिंगचं काम मी स्वतः केलं, त्यामुळे उत्तरही मीच लिहितोय. तुमच्या तक्रारी अशा: आवाजात दम नाही, व्हॉल्यूम १९२ वर नेला की डब्यात शेंगदाणे हलवल्यासारखं वाजतं, मित्राचं डब्ल्यूडीपी-४ (दुसऱ्या जातीच्या डिझेल लोकोचं मॉडेल) मात्र दणदणीत वाजतं, नॉब फिरवला की लोको आधी गुरगुरतो आणि मग सावकाश हलतो, मध्येच आवाज तुटतो, नव्याकोऱ्या मॉडेलला चिखल फासला, बोगीतली (लोकोखालच्या चाकांच्या सांगाड्यातली) चाकं सारख्या अंतरावर नाहीत, आणि एवढ्याशा कामाचे एवढे पैसे. ‘धंदा बंद करा’ हा सल्ला तेवढा बाजूला ठेवतो, त्यावर घर चालतं.

आवाजापासून सुरुवात करू. निवसर स्टेशनातून मालगाडी सुटायची तेव्हा घराची तावदानं थरथरायची, तो आवाज तुम्हाला हवा होता. २०२२ मध्ये कोकण रेल्वेचं विद्युतीकरण पूर्ण झालं आणि ती थरथर दुर्मीळ झाली, त्यामुळे तुमची ओढ मला पुरती समजते. पण तावदान कशाने थरथरायचं ते बघा. २६०० हॉर्सपॉवरच्या त्या लोकोत अल्को या अमेरिकन कंपनीचं २५१ इंजिन, सोळा सिलिंडर, फोर-स्ट्रोक. फोर-स्ट्रोक म्हणजे प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटणार. उभ्या लोकोत इंजिन ४०० आरपीएमवर फिरत असतं, म्हणजे सेकंदाला साधारण ५३ धडाके. आठव्या नॉचला, म्हणजे ड्रायव्हरच्या दांड्याच्या शेवटच्या खाचेला, १००० आरपीएम, म्हणजे १३३. खिडकी हलवतात ते हे खालचे सूर. मॉडेलची लांबी जेमतेम २० सेंटिमीटर, त्यातली बरीच जागा मोटर, फ्लायव्हील आणि वजनाने खाल्लेली. उरलेल्या शॉर्ट हूडमध्ये (केबिनपुढच्या आखूड नाकात) बसतो तो स्पीकर ११ बाय १५ मिलिमीटरचा. ५३ हर्ट्झच्या सुराला जेवढी हवा ढकलावी लागते तेवढी तो ढकलू शकत नाही. मी बसवला काय किंवा जर्मनीत डिकोडर (मॉडेलची मोटर आणि आवाज चालवणारं छोटं सर्किट) बनवणाऱ्यांनी बसवला काय, फरक पडणार नाही.

मग करता येतं ते एवढंच की त्याच सुराच्या वरच्या पटी स्वच्छ ऐकवायच्या. आपला कान त्यावरून खालचा सूर स्वतःच जुळवून घेतो. म्हणून तुमच्या आवाजाच्या फाइलमधला अगदी खालचा भाग मी मुद्दाम कापला. तो ठेवला असता तर स्पीकरचा पडदा नुसता फडफडला असता. शिवाय स्पीकरच्या पुढची आणि मागची हवा एकमेकींत मिसळली की आवाज मरतो, म्हणून त्याच्या मागे १ मिलिमीटरच्या स्टायरीन शीटची बंद पेटी बांधली आणि वायर बाहेर येते ते भोकसुद्धा बुजवलं. हे बाहेरून दिसत नाही. बॉडी उघडलीत तर दिसेल, पण कृपया उघडू नका.

आता १९२ चं. सीव्ही म्हणजे डिकोडरमधली क्रमांकाची सेटिंग, त्यातली ६३ ही व्हॉल्यूमची. तिथे १९२ हा डिकोडरचा शेवटचा आकडा आहे, तो स्पीकरला झेपेलच असं नाही. खोक्यातल्या कार्डावर कमाल ११० लिहिलंय, खाली रेघ मारून. तुमच्या व्हिडिओत रूळ थेट टाइल्सवर मांडलेत, त्याची खडखड आणखी वेगळी. खाली प्लायवुड आणि त्यावर कॉर्कची पट्टी घालून ११० वर ऐका आणि मग बोला.

मित्राच्या डब्ल्यूडीपी-४ बद्दल. तुलना रास्त वाटते, पण ती दोन वेगळ्या जातींची आहे. त्यात ईएमडी या दुसऱ्या अमेरिकन कंपनीचं ७१० इंजिन, तेही सोळा सिलिंडरचंच, पण टू-स्ट्रोक. प्रत्येक फेरीला प्रत्येक सिलिंडर पेटतो. सुमारे ९०० आरपीएमला सेकंदाला २४० धडाके होतात, म्हणजे त्याचा मूळ सूर अल्कोच्या जवळजवळ सप्तकभर वर. छोट्या स्पीकरला तो सूर सोपा जातो. तुमच्या मॉडेलमध्ये ती फाइल घातली तर आवाज नक्की मोठा येईल, फक्त तो अल्कोचा नसेल. अशी फाइल मी कोणालाही घालून देत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

लोको आधी गुरगुरून मग हलतो, तो दोष नव्हे. खऱ्या अल्कोचा टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा, निकासाच्या वायूवर फिरतो, म्हणून नॉच वाढवला की तो वेग घेईपर्यंत इंजिन दम खातं आणि काळा धूर ओकतं. गाडी त्यानंतर हलते. ते दाखवण्यासाठी सीव्ही ३ आणि ४ (वेग सावकाश वाढवण्या-कमी करण्याच्या सेटिंग) वाढवून ठेवलेत आणि सुटण्याआधी थोडा थांबा दिलाय. घरी लहान मुलं चालवणार असतील तर सांगा, लगेच काढून देतो. खेळणं म्हणून ते जास्त सोयीचं पडेल, हे मलाही मान्य आहे.

आवाज तुटण्याचं कारण रूळ. किनाऱ्यावरची खारी, दमट हवा. पावसाळ्यात दोन आठवडे गाडी फिरवली नाही तरी रुळावर आणि चाकांवर काळा थर धरतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने फडकं ओलं करून पुसा. पॉलिश पेपर मुळीच लावू नका, ओरखड्यांत मळ जास्त बसतो. अशा क्षणिक तुटीसाठी कपॅसिटरचा (थोडी वीज साठवून ठेवणाऱ्या भागाचा) पर्याय मी ऑर्डर घेतानाच दिला होता. ‘कशाला उगाच खर्च’ म्हणून तुम्ही नको म्हणालात. आजही बसवता येईल.

चिखलाबद्दल मात्र मी माघार घेणार नाही. पावसात चिपळूणला उभ्या असलेल्या लोकोचा फोटो तुम्हीच पाठवलात आणि खाली लिहिलंत, ‘अस्साच पाहिजे’. त्या फोटोत बोगीवर आणि टाकीखाली जो लाल थर आहे तो जांभ्याचा. कोकण रेल्वेची कटिंग्ज जांभ्यातून गेलीत, पहिल्या सरीला ते पाणी चाकांवरून वर उडतं. मी लाल पिगमेंट टाकीच्या खालच्या कडेला दाट आणि वर विरळ लावलं, मग कापसाच्या काडीने उभ्या रेघा ओढल्या, कारण पाणी खालीच वाहतं. डिझेल भरण्याच्या तोंडाखाली जो चकाकता काळा ओघळ आहे, तो सगळ्या मॅट बॉडीवर एकमेव ग्लॉस. सांडलेलं तेल धुळीवर तसंच दिसतं. निकासाच्या तोंडाभोवतीची काजळी एअरब्रशने, मागच्या दिशेला थोडी लांबवून. हे सगळं मॅट वार्निशखाली बंद आहे, धुऊन निघायचं नाही. बॉडी परत कोरी हवी असेल तर पूर्ण रंग काढावा लागेल आणि त्याचे पैसे पडतील.

चाकांच्या अंतराचं म्हणाल तर मॉडेल बरोबर आहे. डब्ल्यूडीएम-२ ची ट्रायमाउंट बोगी मुळातच तशी, तिन्ही धुऱ्यांतलं अंतर सारखं नसतं. उलट एक उणीव तुमच्या नजरेतून सुटली. एचओ स्केलला, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान मापाला, आपलं १६७६ मिलिमीटरचं ब्रॉडगेज १९.२ मिलिमीटर यायला हवं, पण बाजारातले सगळे एचओ रूळ १६.५ चे असतात. त्यामुळे समोरून पाहिलं की चाकं थोडी आत गेलेली दिसतात. ते बदलायचं तर रूळ, पॉइंट, सगळंच हाताने बनवावं लागतं. हौशी लोक करतात, मी धंद्यात करत नाही.

कठडे बारीक वाटले असतील. ०.४ मिलिमीटरची पितळी तार आहे. ८७ पटीत मोजाल तर खऱ्या कठड्याएवढी होते.

पैशांबद्दल लांबण नको. डिकोडर परदेशातून येतो, त्याचं बिल तुम्हाला वेगळं दिलंय, उरलेली माझी मजुरी.

व्हॉल्यूम, थांबा आणि चाकांची सफाई हे तिन्ही विनाशुल्क करून देतो. सोमवारी वर्कशॉप बंद असतं आणि गणपतीत आठवडाभर कोणी नसतं, बाकी कधीही या. येताना तुमचा कंट्रोलर सोबत आणा, म्हणजे घरी जो आवाज येतो तोच इथे तुमच्यासमोर ऐकू. आणि लोको त्याच्या फोममध्येच आणा, कठड्याला बोट लावू नका.